वाचक विचारतात : नदीपलीकडचं त्रियाना

प्रश्न (भुसावळ) : दादा, मुलगी स्पेनला सेव्हिया शहरात मास्टर्स करतेय, जुलैच्या शेवटी आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. तिची रूम त्रियाना भागात आहे. टूरवाला म्हणतो तिथं काही बघायचं नाही, कॅथेड्रल आणि राजवाडा करा अन निघा. आणि उन्हाचं टेन्शन नाही, आम्ही 45 बघितलेली माणसं. काय काय बघावं?

उत्तर : ताई, टूरवाल्याला बसची वेळ सांभाळायची असते, तुम्हाला नाही. कॅथेड्रल बघाच, पण मुक्काम त्रियानात असेल तर तुम्ही नशीबवान. ग्वादालकिवीर नदीच्या पश्चिमेला हा जुना मोहल्ला, कुंभार, खलाशी आणि लोहारांचा. शतकानुशतकं मधे पक्का पूलच नव्हता, 1171 साली होड्या साखळीने बांधून त्यावर फळ्या टाकून पूल केला तो तसाच दुरुस्त करत करत चालवला, लोखंडी पूल झाला थेट 1852 ला. एवढी वर्षं शहरापासून तुटक राहिल्यावर माणसं वेगळीच होणार ना. अजूनही तिथली जुनी मंडळी पूल ओलांडताना "सेव्हियाला जाऊन येतो" म्हणतात, जसं काही ते परगावी निघालेत!

आधी उन्हाचं सांगतो. सवय कामाची आहे पण तिथलं घड्याळ दगा देतं. स्पेनची वेळ सूर्याच्या खूप पुढे लावलेली आहे, जुलैत दिवस मावळतो पावणेदहाला, म्हणजे खरा तडाखा दुपारी बाराला नाही तर पाच-सहाला बसतो, आणि आपण "चला ऊन उतरलं असेल" म्हणून चहा घेऊन नेमके तेव्हाच बाहेर पडतो. सकाळी फिरा, जेवून झोपा, रात्री नऊनंतर परत निघा. तिथं लहान पोरंसुद्धा अकरा-अकरापर्यंत चौकात खेळत असतात.

सकाळी पुलाच्या टोकाशी भाजीबाजार आहे तिथून सुरुवात करा. बाजाराच्या खाली सान होर्हे किल्ल्याचे अवशेष आहेत, बाजाराची नवी इमारत बांधताना खणलं तेव्हा ते बाहेर आले. 1481 पासून इन्क्विझिशनचं, म्हणजे धर्माच्या नावाने माणसं पकडून छळणाऱ्या कोर्टाचं ठाणं इथंच होतं. वर टोमॅटो-कांदे आणि खाली ते. मला तरी ती जागा बघितल्याशिवाय त्रियाना बघितलं असं वाटत नाही. तिथून नदीकाठच्या बेतिस रस्त्याने चाला. समोर दिसतं ते पाणी संथ का, तर पुराने हैराण होऊन मुख्य प्रवाह विसाव्या शतकात पश्चिमेकडून वळवला, काठाशी उरलंय ते बंद गोदीचं पाणी. म्हणून तर त्यावर एवढ्या वल्ह्यांच्या होड्या दिसतात.

आणि तारखा बघा, जमल्यास 26 जुलै धरूनच जा. त्या दिवशी सांता आना, म्हणजे मेरीची आई, येशूची आजीच की, तिचा सण असतो आणि त्याच्या आधीचे काही दिवस नदीकाठी जत्रा भरते, वेला म्हणतात. ओले हेझलनट आणि भाजलेले सार्डिन मासे हा तिथला ठरलेला खाऊ. खरी मजा कुकान्याची. होडीवरून पाण्यावर आडवा खांब काढलेला असतो, त्याला चरबी फासलेली, टोकाला झेंडा, आणि पोरं अनवाणी पळत जाऊन तो ओढायला बघतात. आपली दहीहंडीच, पण आडवी आणि खाली नदी. बहुतेक जण अर्ध्यात धप्पकन पाण्यात.

प्रश्न (धुळे) : मी रिटायर ड्रॉइंग मास्तर. त्रियानाच्या टाइल्सबद्दल खूप ऐकलंय. त्या नक्षीत एका रंगात दुसरा रंग मिसळत कसा नाही? हे काय गुपित शे भाऊ?

उत्तर : मास्तर, भारी प्रश्न शे! एका पद्धतीत रेघच पहारा देते. मँगनीजची पूड तेलकट पदार्थात कालवून त्याने नक्षीच्या कडा काढतात, मधल्या खणांत पाण्यात कालवलेले रंग भरतात, आणि तेलाला पाणी चिकटत नाही म्हणून रंग आपापल्या खणात राहतात. भट्टीत तेल जळून जातं, मागे काळसर रेघ उरते. ही मुस्लिम राजवटीपासूनची कला. दुसरीत साच्याने मातीवरच बारीक उंच कडा उठवतात, त्या बांधासारख्या रंग अडवतात. माती नदीकाठचीच, पुराने आणून टाकलेली.

पंधराव्या शतकाच्या शेवटी निकुलोसो पिसानो नावाचा इटालियन कारागीर इथं आला आणि सपाट टाइलवर ब्रशने चित्रासारखं रंगवणं त्याने आणलं. त्याची 1503 ची एक कबरफरशी सांता आना चर्चमधे आहे. लग्न जमायचं असेल तर मुलींनी तिला लाथ मारायची अशी लोकांची श्रद्धा, त्यामुळे फरशीचे काय हाल झाले असतील तुम्हीच समजा! चर्चही जुनं, 1248 ला ख्रिश्चन राजाने शहर जिंकल्यावर नव्याने बांधलेलं पहिलं. कुंभारांच्या रक्षक संत म्हणजे खुस्ता आणि रुफिना, मडकी विकणाऱ्या दोघी बहिणी, चित्रात कायम मडक्यांसोबत. जुन्या कारखान्यात 2014 पासून सिरॅमिकचं म्युझियम आहे, गोल भट्ट्या आत जशाच्या तशा आहेत. वही-पेन्सिल न्या.

प्रश्न (शहादा) : दादा, फ्लामेंकोचं, म्हणजे तिथल्या त्या गाण्या-नाचाचं, खरं घर त्रियानाच ना? मग तिथं शोचं तिकीट काढावं का?

उत्तर : काढा, चांगले शो असतात. पण हे माहीत असू द्या की ज्यांच्या घरात ते गाणं होतं ती जिप्सी कुटुंबं आता तिथं फारशी नाहीत. आजच्या पाखेस देल कोर्रो रस्त्याच्या भागात त्यांचे वाडे होते, एका अंगणाभोवती वीस-वीस बिऱ्हाडं, नळ आणि चूल सामायिक. बरेच लोहार, आणि गिटारशिवाय गातात तो मार्तिनेते प्रकार लोहारशाळेशीच जोडला जातो. 1950-60 च्या दशकांत वाडे पाडले गेले, जागेचा भाव चढला, माणसं शहराच्या कडेला नव्या ब्लॉकमधे गेली. आता पुलाजवळच्या चौकात गिटार घेतलेल्या बाईचा पुतळा आहे, पाय ऐरणीवर. पुतळा छान आहे, राग मात्र मला येतोच.

प्रश्न (चोपडा) : शुद्ध शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

उत्तर : नाही हो. पालक-हरभरे, तिकडे एस्पिनाकास कोन गार्बान्सोस म्हणतात, लसूण आणि जिऱ्याचं, पावासोबत, खानदेशी जिभेला चालेल, फक्त तिखट पिशवीत न्या. साल्मोरेखो, म्हणजे टोमॅटोचं थंडगार दाट सूप, मागवाल तर आधीच "सिन खामोन, सिन ऊएव्हो" सांगा, नाहीतर वरून हॅम आणि अंडं भुरभुरून येतं. आणि आठला जेवायला जाऊ नका, तेव्हा किचनच सुरू झालेलं नसतं.