ओल्या मातीत घेतलेले अर्थिंगचे माप उन्हाळ्यात का टिकत नाही

दीड मीटरच्या अर्थ रॉडच्या (गळतीची वीज जमिनीत उतरवण्यासाठी पुरलेल्या धातूच्या सळईच्या) रोधाचे, म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचे, माप पावसाळ्यात ९ ओहम आले, उन्हाळ्यात तेच ६४ ओहम आले आणि ठेकेदार मात्र ‘मीटर बिघडले असेल, अहवालात सगळे ठीक आहे’ असे सांगून मोकळा झाला, असे आपण लिहिले आहे. मीटर बिघडल्याची शक्यता मला फार कमी वाटते. नेमका हाच त्रास आम्ही दीर्घकाळ सोसला आहे. रॉडची जोडणी, लग (तारेच्या टोकाचा धातूचा जोड) आणि क्लॅम्प आपण तपासले असतीलच असे गृहीत धरून पुढचे लिहितो.

मातीतून वीज वाहते ती मुख्यतः कणांमधल्या पाण्यामुळे आणि त्यात विरघळलेल्या क्षारांमुळे. ओलावा वजनाच्या साधारण १५ टक्क्यांखाली गेला की बहुतेक मातींचा रोध हळूहळू नव्हे, तर झपाट्याने चढतो. त्यातही रॉडच्या एकूण रोधातला निम्म्याहून अधिक भाग रॉडला लागून असलेल्या पहिल्या अर्ध्या मीटर मातीतच असतो. चिकणमाती सुकताना आक्रसते आणि रॉडपासून सुटते. आम्ही खड्डा उकरला तेव्हा वरच्या भागात रॉडभोवती नख सहज जाईल एवढी फट पडलेली होती आणि तिथला धातू नुसत्या धुळीने माखलेला होता. ओलसर माती चिकटून राहिली होती ती फक्त खालच्या टोकाला. म्हणजे पुरलेल्या लांबीपैकी कामाची लांबी थोडीच उरली होती.

आम्हाला सर्वांत महागात पडला तो तपासणी करणाऱ्या कार्यालयाचा अहवाल. त्यांच्या माणसाने माप घेण्याआधी अर्थ पिटमध्ये (रॉडभोवतीच्या खड्ड्यात) भरपूर पाणी ओतायला लावले, मर्यादेतला आकडा लिहिला आणि शिक्का मारला. पुढे कोरड्या दिवसांत पंपाच्या बॉडीला हात लावला की झटका बसू लागला, तेव्हा प्रत्येक तक्रारीला तोच कागद दाखवण्यात आला, आणि अर्थिंग निर्दोष ठरल्यामुळे मोटर मात्र वारंवार दुरुस्तीला जात राहिली. मोटरच्या वाइंडिंगमधून (आतल्या तारेच्या गुंडाळीतून) बॉडीकडे विजेची थोडी गळती होती हे खरे आहे. परंतु अर्ध्या अँपिअरची गळती ८ ओहमच्या अर्थिंगवर बॉडीला ४ व्होल्ट देते आणि ८० ओहमवर ४० व्होल्ट देते, एवढे साधे गणित त्या कार्यालयात कोणी मांडायला तयार नव्हते. पाणी न ओतता एकदा पुन्हा माप घ्या, एवढीच आमची विनंती होती. तीही नाकारली गेली. ज्या अहवालावर मातीच्या स्थितीची नोंद नाही, त्यावर माणसांची सुरक्षितता सोपवणे मला आजही अक्षम्य वाटते.

माप घेताना दूरवर ठोकलेल्या दोन चाचणी-खुंट्यांभोवती पाणी घालायला हरकत नाही, कारण कोरड्या जमिनीत त्यांचाच रोध इतका वाढतो की मीटर नीट वाचत नाही. ज्या रॉडचे माप घ्यायचे त्याच्याभोवती मात्र थेंबही ओतू देऊ नका. मापासाठी रॉड सोडवण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद असलाच पाहिजे.

माझे मत विचाराल तर रॉड जाड करण्यावर पैसे घालवू नका. व्यास दुप्पट केल्याने रोध जेमतेम दहा टक्के उतरतो, तर एकसारख्या मातीत लांबी दुप्पट केल्याने तो ४० टक्क्यांहून अधिक उतरतो; शिवाय खोलवर बारमाही ओल लागली तर फायदा त्याहून मोठा असतो. खाली खडक असेल तर अनेक रॉड जोडा, पण दोन रॉडमध्ये निदान एका रॉडच्या लांबीएवढे अंतर ठेवा, नाहीतर दुसऱ्याचा उपयोग बराचसा वाया जातो. मीठ-कोळशाचा सल्ला आपल्याला अनेकजण देतील. मीठ पाण्याबरोबर वाहून जाते आणि असेपर्यंत धातू गंजवते, म्हणून मी ते वापरत नाही. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी एक प्रकारची चिकणमाती) चांगले आहे, मात्र पूर्ण सुकले तर तेही आक्रसते.

या सगळ्याच्या आधी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीकडे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारी कळ) बसवा, असे मी आग्रहाने सांगेन. ६४ ओहमच्या रॉडवर २३० व्होल्टचा दोष झाला तर जेमतेम साडेतीन अँपिअर वाहतील. १६ अँपिअरची एमसीबी (प्रवाह मर्यादेबाहेर गेला की पुरवठा तोडणारी कळ) त्यावर पडणार नाही आणि बॉडीत वीज तशीच राहील. आरसीसीबी मात्र एवढ्या प्रवाहावर तात्काळ पडते. अर्थात, स्वतंत्र अर्थ रॉडवर चालणाऱ्या लहान जोडणीपुरतेच हे विवेचन आहे. आकाशातल्या विजेपासून इमारत वाचवणारी यंत्रणा किंवा उपकेंद्राचे अर्थिंग यांचे हिशेब वेगळे असतात, आणि प्रत्यक्ष काम परवानाधारक तंत्रज्ञानेच करावे.

नवा रॉड बसवल्यावर अंतिम माप पहिल्या पावसाच्या अगदी आधी, जमीन सर्वांत कोरडी असताना घ्या, आणि अहवालावर तारीख, शेवटचा पाऊस केव्हा पडला, रॉडची खोली व पिटमध्ये पाणी ओतले होते की नाही, या चारही गोष्टी लिहून घेतल्याशिवाय ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करू नका.