के१०००, एफएम२ की एफ३?

प्रश्न : जुन्या बाजारात तीन फिल्म एसएलआर (लेन्समधूनच दृश्य दाखवणारे, लेन्स बदलता येणारे कॅमेरे) पसंत पडलेत : पेन्टॅक्स के१०००, निकॉन एफएम२ आणि निकॉन एफ३. पहिला शिकाऊंचा, शेवटचा व्यावसायिकांचा म्हणतात. शिकायला कोणता घ्यावा? — एक वाचक, चिपळूण

उत्तर : आधी एक गोष्ट. बॉडी महाग घेतली म्हणून फोटो अधिक स्पष्ट येत नाही; ते काम लेन्स आणि फिल्मचं. जास्तीचे पैसे कशाचे, ते पाहा.

के१००० (१९७६ ते १९९७) पूर्ण यांत्रिक. सेल फक्त मीटरला (उजेड मोजणाऱ्या यंत्रणेला), शटरला नाही. मीटरला बटणच नाही, त्यामुळे लेन्सचं झाकण न लावता कॅमेरा उजेडात ठेवला की सेल उतरतो. सेल्फ-टायमरही नाही. शिकायला मात्र उत्तम.

एफएम२ही सेलशिवाय चालतो, पण शटरचा वेग १/४००० सेकंदापर्यंत. एफ३चा वेग १/२००० वरच थांबतो, म्हणजे ‘व्यावसायिक’ कॅमेरा इथे मागे! मग त्याचे पैसे कशाचे? व्ह्यूफाइंडरमध्ये १०० टक्के चौकट दिसते (एफएम२मध्ये साधारण ९३), व्ह्यूफाइंडर काढून दुसरा बसवता येतो आणि लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) तुम्ही ठरवलंत की वेग कॅमेरा ठरवतो. पण सेल संपले की उरतो तो पुढच्या छोट्या दांडीने मिळणारा एकच वेग, सुमारे १/६०.

आमचं मत : एफएम२. एफ३ न घेतल्याने उरलेल्या पैशांत ५० मिमीची चांगली लेन्स घ्या. फक्त १९७७ पूर्वीची, बदल न केलेली निकॉन लेन्स त्यावर चढवू नका, अडकते. एफ३वर ती चालते.

घेताना मागचं झाकण उघडा, लेन्स काढा, भिंतीच्या उजेडाकडे धरून १/१००० वर शटर दाबा. पूर्ण आयत उजळला पाहिजे. एक कड काळी दिसली तर शटरचे दोन पडदे (एक उघडणारा, दुसरा बंद करणारा) एका चालीने धावत नाहीत. एफ३ची ही परीक्षा अशी होत नाही : फोटो मोजणारा काउंटर १ वर येईपर्यंत तो १/८० वरच चालतो, आणि झाकण उघडलं की काउंटर मागे जातो. बिघडला समजून परत करू नका.

झाकणाच्या खाचेतला फोम बोटाला चिकट काळा लागला तर तो बदलावाच लागेल, नाहीतर फिल्मवर उजेडाचे पट्टे उमटतील. लेन्समधून टॉर्च मारा, कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी. कोकणात तर हे आधी पाहा, आणि पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या कव्हरात नको, सिलिका जेल घालून हवाबंद डब्यात ठेवा.

प्रश्न : के१०००वर फ्लॅश लावून १/२५० ने काढलेले सगळे फोटो एका बाजूला काळे आले. फ्लॅश खराब आहे का?

उत्तर : नाही, वेग चुकला. के१०००चे कापडी पडदे आडवे, ३६ मिमी धावतात. १/६० पर्यंत पहिला पडदा पूर्ण सरकून संपूर्ण चौकट उघडी राहते. त्याहून जलद वेगात दुसरा पडदा आधीच निघतो, आणि क्षणभर पेटणाऱ्या फ्लॅशला चौकटीची फक्त एक फट मिळते. एफएम२चे पडदे उभे, २४ मिमीच धावतात, म्हणून तिथे १/२००, नंतरच्या आवृत्तीत १/२५० चालतो. एफ३चे आडवे, तिथे मर्यादा १/८०. तुम्ही वेगाची चकती ६० वर ठेवा. त्याहून सावकाश वेगही चालेल.