पूर्वजांचा माग जमिनीच्या दप्तरातून : वाचकांचे प्रश्न

घराण्याचा इतिहास शोधण्याविषयी वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या विनंतीवरून त्यांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : इंग्लंडमधील लोक १८८१ च्या जनगणनेतून आपल्या पणजोबांचे घर, वय आणि व्यवसाय शोधून काढतात, असे वाचनात आले. आमचे मूळ गाव कराड तालुक्यात आहे. त्याच वर्षीच्या आपल्याकडील जनगणनेत माझ्या खापरपणजोबांचे नाव कोठे पाहता येईल? आमच्याजवळ केवळ वडिलांच्या नावाचा एक जुना सातबारा आहे. (ठाणे)

आपल्याकडे १८८१ साली संपूर्ण देशाची एकाच वेळी जनगणना झाली हे खरे असले, तरी तिच्यातून आज हाती लागतात ते आकड्यांचे तक्ते. तालुक्यात किती घरे होती, कोणत्या जातीची किती माणसे होती, कोण कोणता धंदा करीत होते, हे त्यांत मिळते. माणसाचे नाव मिळत नाही. आकडे काढून झाल्यावर घरोघरची मूळ पत्रके जपून ठेवण्याची पद्धत येथे नव्हती. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या जनगणना कायद्याने तर व्यक्तिगत नोंदी कोणालाही पाहता येणार नाहीत, अशी स्पष्ट तरतूद केली. इंग्लंडमध्ये शंभर वर्षांनी ही पत्रके लोकांसाठी खुली होतात, म्हणून तेथे तो मार्ग चालतो. त्या मार्गाची आशा आपण आताच सोडून द्यावी आणि ज्याला आपण ‘केवळ’ म्हणता, तो सातबारा हाती घ्यावा. महाराष्ट्रातील शेतकरी घराण्याचा माग जमिनीच्या दप्तरात जितका सलग मिळतो, तितका तो अन्यत्र क्वचितच मिळतो.

जुन्या सातबाऱ्यावर काही नावांना कंस केलेला असतो आणि जवळच वर्तुळात एक क्रमांक लिहिलेला असतो. कंसातील नाव कमी झालेले असते आणि वर्तुळातील क्रमांक त्या बदलाच्या फेरफाराचा असतो. तो फेरफार, म्हणजे गाव नमुना सहामधील नोंद, मिळवली की खातेदार कधी मयत झाला, त्याच्यामागे कोण वारस राहिले आणि त्यांपैकी कोण अज्ञान, म्हणजे वयाने सज्ञान न झालेले, होते, हे एकाच परिच्छेदात वाचायला मिळते. त्या नोंदीवरून त्याआधीच्या फेरफाराचा क्रमांक काढायचा आणि असे एकेक पिढी मागे जायचे. हक्कनोंदीचा, म्हणजे जमिनीवरील हक्क दप्तरात नोंदविण्याचा, कायदा मुंबई इलाख्यात १९०३ साली झाला आणि पुढील वर्षांत गावोगावी ही दप्तरे तयार झाली. म्हणून आपल्या घराण्यात १९१० ते १९२० च्या सुमारास मयत झालेला जो कोणी खातेदार असेल, त्याच्या वारसनोंदीपर्यंत पोहोचण्याची अपेक्षा आपण ठेवू शकता. सातबाऱ्याच्या आधीच्या उताऱ्यासाठी कडईपत्रक मागावे. अनेक जिल्ह्यांतील जुने सातबारे व फेरफार आता शासनाच्या ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर पाहता येतात. जे तेथे नसतील, त्यांच्यासाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करावा.

या वाटेवर एक अडथळा हमखास येतो. १९४७ च्या कायद्यानुसार गावोगावी जमिनींचे एकत्रीकरण झाले, तेव्हा जुने सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट नंबर घेऊन जुन्या फेरफारांत शोध घेतला, तर काहीच सापडत नाही आणि पुष्कळ लोक तेथेच थांबतात. एकत्रीकरण योजनेचे नऊ-तीन व नऊ-चारचे उतारे भूमी अभिलेख कार्यालयातून मागावेत. त्यांवरून आपला गट कोणत्या जुन्या सर्व्हे नंबरांतून झाला, हे ठरविता येते.

जुनी नोंद वाचताना काही खुणा ओळखाव्या लागतात. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा, ‘कोम’ म्हणजे अमक्याची पत्नी, ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञानाचे पालनकर्ते आणि ‘ए.कु.क.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा कर्ता. यांतील शेवटची खूण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. थोरल्या भावाच्या नावावर ‘ए.कु.क.’ म्हणून जमीन लागली, की धाकट्या भावांची नावे उताऱ्यावरून नाहीशी होतात. म्हणून उताऱ्यावर नाव नाही एवढ्यावरून तो भाऊ नव्हता, असा निष्कर्ष कधीही काढू नये. पुढे वाटणीचा फेरफार झाला असेल, तर त्यात तो पुन्हा दिसतो. आडनावावरही फार विसंबू नये. जुन्या कागदांत पुष्कळदा नाव आणि बापाचे नाव एवढेच असते, आणि एकाच भावकीतील एक शाखा पाटील तर दुसरी गावाच्या नावाने ओळखली जाते. नाव, बापाचे नाव आणि जमीन ही तिन्ही जुळली, तरच माणूस तोच समजावा.

हक्कनोंदीच्या मागे जायचे असेल, तर इंग्रजी अमदानीतील मूळ सर्व्हेची शेतवार पत्रके, म्हणजे शेतनिहाय याद्या, पाहावीत. सातारचे राज्य १८४८ मध्ये खालसा झाल्यानंतर त्या मुलखाचा सर्व्हे झाला, त्यामुळे आपल्या खापरपणजोबांचे किंवा त्यांच्या वडिलांचे नाव त्या काळच्या कब्जेदारांत असण्याची शक्यता आहे. घराण्याकडे वतन किंवा इनाम असेल, तर इनामांच्या हक्कांची चौकशी करणाऱ्या १८५२ च्या इनाम कमिशनपुढील कैफियती, म्हणजे लेखी निवेदने, फार मोलाच्या ठरतात, कारण हक्क सिद्ध करण्यासाठी वतनदारांना आपली वंशावळ स्वतःच लिहून द्यावी लागत असे. अर्थात हक्कासाठी दिलेली वंशावळ ही एका पक्षकाराने दिलेली वंशावळ असते. तिच्यात गैरसोयीचा चुलता गाळलेला असू शकतो, म्हणून प्रतिपक्षाची कैफियत असल्यास तीही वाचावी. पुण्याच्या पुरालेखागारात पेशवे दफ्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत आणि त्यांत गावोगावचे थळझाडे, म्हणजे शेते व ती धारण करणारे यांच्या याद्याही आहेत. हे सर्व मोडीत आहे. मोडी वाचणारा माणूस शोधण्यापेक्षा घरातील एखाद्या तरुणाने ती शिकून घ्यावी, असे मी आग्रहाने सुचवीन. कागदांवर जुन्या कालगणनांची वर्षे असतात; सुहूर सन असेल तर त्यात ५९९ किंवा ६००, फसली असेल तर ५९० किंवा ५९१ आणि शक असेल तर ७८ किंवा ७९ मिळवून इसवी सन काढावा.

जमिनीच्या दप्तराबाहेरचे दोन पुरावे मात्र आवर्जून पाहावेत. एक, गावची जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे कोतवाल बुक. आणि दुसरा, त्र्यंबकेश्वर, नाशिक किंवा पंढरपूर येथील आपल्या तीर्थोपाध्यांकडील नामावळी, जिच्यात यात्रेला आलेल्या माणसाने स्वतः सांगितलेली भावांची, मुलांची व वाडवडिलांची नावे असतात. आपल्या भागात हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगत फिरणारे लोक, येत असतील, तर त्यांच्याकडूनही वंशावळ ऐकून लिहून घ्यावी आणि मग ती फेरफारांशी ताडून पाहावी.

प्रश्न : माझ्या पणजोबांचे गिरगावात स्वतःचे घर होते आणि १९३० नंतरच्या दशकात ते मुंबईतच वारले. मला मात्र पणजीचे माहेर शोधायचे आहे. घरातील कोणत्याही कागदावर तिचे माहेरचे नाव नाही. (दादर)

हा प्रश्न विचारल्याबद्दल आपले मनापासून आभार, कारण आपल्याकडील बहुतेक वंशावळी पुरुषांच्या नावांवरच संपतात.

पणजोबांनी मृत्युपत्र केले असेल, तर ते मुंबई उच्च न्यायालयाच्या दप्तरात असण्याची शक्यता बरीच आहे. १८७० च्या कायद्यापासून मुंबई शहरात केलेल्या किंवा तेथील स्थावराविषयीच्या हिंदूंच्या मृत्युपत्रांना प्रोबेटची, म्हणजे न्यायालयाने मृत्युपत्र खरे ठरविण्याची, आवश्यकता होती. मोफसलमध्ये, म्हणजे शहराबाहेरच्या मुलखात, तशी सक्ती नव्हती, म्हणून कोकणातल्या किंवा देशावरच्या घराण्यांना हा पुरावा सहसा मिळत नाही. प्रोबेटच्या अर्जात मृत्यूची तारीख, राहण्याचे ठिकाण, जवळच्या वारसांची नावे, वये, पत्ते आणि मालमत्तेची यादी असते. लग्न झालेल्या मुलींची सासरची नावे व ठिकाणे तेथे एकत्र मिळतात. मृत्युपत्राच्या मजकुरात पत्नीचे दागिने तिच्या माहेरचे असल्याचा उल्लेख किंवा मेहुण्याला पंच नेमल्याचा उल्लेख असेल, तर आपला शोध तेथेच पूर्ण होईल. मृत्युपत्र नसल्यास वारस दाखल्याची प्रकरणे पाहावीत. १८२७ च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालये असे दाखले देत आली आहेत. घराची मिळकत पत्रिका आणि सब-रजिस्ट्रारकडील सूची क्रमांक दोनचे, म्हणजे नोंदविलेल्या दस्तांच्या सूचीचे, उतारेही काढावेत.

एवढे करूनही माहेर कळले नाही, तर आपल्या आजोबांच्या थोरल्या भावंडाचा जन्म कोठे झाला, हे शोधावे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत असल्यामुळे थोरल्या अपत्याचे जन्मगाव हे पुष्कळदा आईचे माहेर असते, आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीत जन्मस्थळ लिहिलेले असते. पणजोबांच्या मुलांनी काशी, गया किंवा त्र्यंबकेश्वर येथे श्राद्ध केले असेल, तर उपाध्यांच्या वहीतही विचारणा करावी. श्राद्धात मातामह व प्रमातामह यांचे उच्चारण होते, त्यामुळे आईकडील नावे तेथे टिपलेली असू शकतात.

माहेरच्या घराण्याकडे जमीन होती असे पुढे कळले, तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यापूर्वीच्या वारसनोंदींत मुलगे आणि विधवा एवढेच बहुधा दिसतात. त्यानंतरच्या नोंदींत मुलींची नावे त्यांच्या सासरच्या नावागावासह येऊ लागतात, जरी पुढच्याच फेरफारात हक्कसोडपत्राने ती कमी झालेली असली तरी. मुलीने हक्क सोडल्याचा तो कागद वाचताना मन खिन्न होते; पण कित्येक स्त्रियांचे नाव, वडील, पती आणि दोन्हीकडची गावे एका ठिकाणी असलेली तीच एक नोंद असते, म्हणून ती नक्कल अवश्य काढावी.

प्रश्न : आमचे गाव लातूर जिल्ह्यात आहे. आपण सांगता ते १९०३ नंतरचे फेरफार आमच्याकडे सापडत नाहीत. (औसा)

ते सापडणारही नाहीत, कारण १९४८ पर्यंत आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता आणि मुंबई इलाख्याचे कायदे तेथे लागू नव्हते. मराठवाड्यात प्रारंभ खासरा पत्रकापासून करावा. १९५४-५५ च्या सुमाराची ही पाहणी असून तिच्यात सर्व्हे नंबरनिहाय कब्जेदारांची नावे मिळतात. १९५१ च्या जनगणनेच्या वेळी तयार केलेली नागरिकांची नोंदवहीही काही तहसिलांत टिकून आहे. जनगणनेशी संबंधित असूनही नावे देणारा हा एक अपवाद आहे आणि कुटुंबातील माणसे त्यात एकत्र आढळतात. कुणबी नोंदी शोधणाऱ्या न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामामुळे २०२३ पासून अशा जुन्या दप्तरांची मोठी तपासणी झाली, त्यामुळे कोणत्या तहसिलात काय शिल्लक आहे याची माहिती आता पूर्वीपेक्षा सहज मिळते. खासरा पत्रकाच्या आधीच्या सेतवारांसाठी, म्हणजे शेतनिहाय पत्रकांसाठी, उर्दू वाचणाऱ्याचे साहाय्य घ्यावे लागेल. इनाम किंवा जहागिरीचा संबंध असल्यास हैदराबाद येथील राज्य पुराभिलेखागारात निजामाच्या दप्तराची चौकशी करावी.

प्रश्न : माझे पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसला आले. मोका येथील महात्मा गांधी संस्थेतून मिळालेल्या नोंदीत त्यांचा क्रमांक, जहाज, वडिलांचे नाव, जात आणि ‘जिल्हा रत्नागिरी’ एवढे आहे. गावाचे नाव कोणालाच ओळखता येत नाही. (वाक्वा, मॉरिशस)

प्रथम जिल्ह्याच्या सीमेचा विचार करावा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला, त्यामुळे त्या काळच्या रत्नागिरीत आजच्या मालवण, देवगड व कणकवलीकडील गावेही येतात; सावंतवाडीचा मुलूख मात्र तेव्हा संस्थानात होता. गावाचे नाव कारकुनाने कानाने ऐकून लिहिलेले असते. ते डोळ्यांनी वाचण्याऐवजी मोठ्याने उच्चारावे आणि दोन्ही जिल्ह्यांच्या गावांच्या यादीशी ताडावे. मालवणी बोलणाऱ्या माणसाला ते ऐकविल्यास अधिक बरे. वाडीचे नाव गावाचे म्हणून सांगितलेले असणेही शक्य आहे, म्हणून वाड्यांची नावेही तपासावीत.

गाव निश्चित झाले, तरी तेथील जमिनीच्या दप्तरात आपल्या पूर्वजांचे स्वतःचे नाव सापडेल, अशी अपेक्षा ठेवू नये. रत्नागिरीत खोती होती, म्हणजे गावाचा सारा वंशपरंपरेने गोळा करून सरकारात भरणारे खोत होते. गिरमिटावर, म्हणजे मजुरीच्या करारावर, गेलेली बहुसंख्य माणसे खोताची कुळे किंवा भूमिहीन मजूर असावीत आणि त्यांच्या हाती मालकीचा कागद नव्हता. शोध घ्यायचा तो त्यांच्या वडिलांचा आणि मागे राहिलेल्या भावांचा. १८८० च्या खोती कायद्यानंतरच्या बोटखतांत, म्हणजे खोती गावांतील कुळांच्या नोंदपत्रकांत, कुळांची नावे येतात, आणि पुढे कुळकायद्याच्या व खोती नाहीशी करण्याच्या काळातील फेरफारांत त्याच कुळांचे नातू जमिनीचे कब्जेदार म्हणून दिसतात. १९५० नंतरच्या या फेरफारांपासून मागे जाणे अधिक सोपे पडते.

गावात आल्यावर ग्रामदेवतेच्या मानकऱ्यांना आणि गुरवांना भेटावे. कोणत्या भावकीचा कोणता मान, कोणाची वाडी कोठे आणि कोणाचे घर केव्हा बंद पडले, हे त्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक असते. मॉरिशसमध्येही आपल्याला एक काम करता येईल. तेथे नोंदणीच्या कागदांत आप्रवासी क्रमांक पुढेही लिहिला जात असल्यामुळे मुलांच्या जन्माच्या आणि विवाहाच्या नोंदी त्याच क्रमांकाने शोधाव्यात, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस साखरमळ्यांची जमीन तुकड्यांनी विकली गेली तेव्हा घराण्याने जमीन घेतली असल्यास नोटरीपुढील खरेदीखत पाहावे. विवाहाच्या साक्षीदारांत त्याच जहाजातून आलेली माणसे असतील, तर त्यांच्याही नोंदी संस्थेतून मागवाव्यात. एकाच गावचे लोक पुष्कळदा बरोबर निघत असत, आणि आपल्या नोंदीत अस्पष्ट राहिलेले गाव त्यांच्यापैकी एखाद्याच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेले असू शकते.