पहिल्या वर्षी ओटीत (ऑपरेशन थिएटरात) हात लागत नाही, तर शिकायचं कुठे?

"एमएस ऑर्थोला (हाडांच्या सर्जरीच्या पदव्युत्तर शिक्षणाला) आठ महिने झाले, रोज प्लास्टर आणि ड्रेसिंगच. ओटीत रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं हत्यार) धरण्यापलीकडे काही मिळत नाही," असं तू लिहिलंयस. वयाने बराच मोठा आहे, म्हणून अरे-तुरे करतोय. मीही सरकारी मेडिकल कॉलेजातच घडलो, आता शिकवतो. तुझी तगमग समजते, पण प्लास्टर रूमला कमी लेखू नकोस.

साधं कोलीज फ्रॅक्चर घे, म्हणजे मनगटाजवळ मोडलेलं हाड. ओटीत हाड उघडं दिसतं. इथे सुजलेल्या कातडीवरून अंगठ्यानेच ओळखायचं. आधी ओढून अडकलेलं टोक सोडवायचं, मग तळव्याच्या बाजूला दाबायचं. ओलं प्लास्टर तळहाताने घडवायचं. बोटांनी दाबलंस तर खळगे पडतात आणि आत कातडी सोलते. मनगट फार वाकवलंस तर मीडियन नर्व्ह (मनगटातून हातात जाणारी मज्जातंतूची नस) दबते. तळहाताची घडी मोकळी ठेव, म्हणजे पेशंटला मूठ वळता येईल. आठवड्याने एक्स-रे तूच बघ. सूज उतरून प्लास्टर सैल झालं की हाड पुन्हा सरकतं, आणि आपण बसवलेलं हाड सरकलेलं पाहिलं की आपला हात कुठे कमी पडला ते नेमकं कळतं.

माझ्या पहिल्या वर्षी सहा वर्षांच्या मुलाच्या हाताला मी प्लास्टर घातलं होतं. रात्री सिस्टरचा फोन आला, पोरगं रडायचं थांबत नाही. मी जाऊन नाडी पाहिली, लागत होती. इंजेक्शन लिहून निघालो. दोन वाजता लेक्चरर सर आले, त्यांनी मुलाची बोटं हळूच सरळ केली आणि ते किंचाळलं. सरांनी प्लास्टर आणि आतला कापूस पार कातडीपर्यंत चिरला. थोड्या वेळात पोर झोपलं. कंपार्टमेंट सिंड्रोममध्ये, म्हणजे सुजेने आत दाब वाढून स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो तेव्हा, नाडी शेवटपर्यंत लागू शकते, हे मी परीक्षेत लिहिलं होतं. कळलं त्या रात्री.

ओटीसाठी एवढंच कर: आदल्या रात्री उद्याच्या केसचे एक्स-रे पाहून कागदावर प्लॅन काढ, सकाळी सरांना दाखव. प्लॅन घेऊन येणाऱ्याच्या हाती मी तरी के-वायर (हाड जागेवर धरणारी बारीक तार) लवकर देतो. सी-आर्म (ओटीतलं एक्स-रे यंत्र) चालू असताना लेड एप्रनसोबत (शिशाच्या एप्रनसोबत) गळ्याचं थायरॉइड शील्डही घाल. आणि सहा-सहा महिने युनिटमध्ये कुणी काहीच शिकवत नसेल, तर गप्प बसू नकोस. लॉगबुक (केसेसची नोंदवही) घेऊन थेट विभागप्रमुखांकडे जा.