उल्का ‘पडली’ की ‘दिसली’?

साताऱ्याच्या एका वाचकाने विचारले आहे. रात्री गच्चीवर मुलांचा व्हिडिओ काढताना अजिंक्यतारा किल्ल्याच्या वर एकाएकी हिरवट उजेड झाला, दोन-तीन सेकंदांत विझला आणि सगळे मोबाइलमध्ये टिपले गेले. नातेवाइकांना पाठवताना त्यांनी खाली लिहिले, ‘अजिंक्यताऱ्यामागे अशनी पडला’. त्यावर कोणी ‘उल्कापात’ सुचवले, कोणी ‘उल्कापिंड’, कोणी ‘धूमकेतू’. यातले बरोबर काय?

त्यांनी टिपली ती उल्का. आणि ती पडली नाही, दिसली.

अंतराळातला दगडाचा किंवा धातूचा कण सेकंदाला 11 ते 72 किलोमीटर वेगाने वातावरणात घुसतो. त्याच्यापुढची हवा दाबली जाऊन तापते, कण वितळतो, त्याची वाफ होते आणि ती वाफ व भोवतालची हवा चकाकते. ही चकाकी म्हणजे उल्का. त्यातून वाचलेला तुकडा जमिनीवर पोचला तर त्याला अशनी म्हणायचे. म्हणून हातात तुकडा येत नाही तोवर अशनी हा शब्द वापरू नये, व्हिडिओ कितीही झगझगीत असो.

संस्कृतात अशनि म्हणजे मुळात वज्र, वीज. प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने बृहत्संहिता या ग्रंथात उल्कांचे पाच प्रकार दिले आहेत: धिष्ण्या, उल्का, अशनि, विद्युत आणि तारा. त्याची उल्का डोक्याकडे मोठी, शेपटीकडे बारीक, खाली येताना वाढत जाणारी. अशनि मात्र मोठा आवाज करत, चाकासारखी फिरत येऊन जमीन फोडणारी. आजच्या परिभाषेने जमिनीवर आलेल्या दगडाला अशनी हे नाव दिले, ते किती चपखल आहे पाहा. हिंदीत त्याच दगडाला उल्कापिंड म्हणतात. मराठीत अशनी असताना तो शब्द उसना घेण्याची गरज नाही.

‘पडली’ या क्रियापदाने खरा घोटाळा होतो. उल्का साधारण 80 ते 100 किलोमीटर उंचीवर चमकते. समजा ती क्षितिजापासून 20 अंशांवर दिसली आणि 80 किलोमीटर उंच होती, तर आडवे अंतर सुमारे 220 किलोमीटर होते. साताऱ्यातून दक्षिणेला एवढे अंतर मोजले तर आपण बेळगावच्या पलीकडे जातो. किल्ल्यामागे गेलेली रेघ ‘तिथेच पडली’ वाटते ती डोळ्याची फसगत. मग लोक बॅटऱ्या घेऊन डोंगर धुंडाळतात आणि कुठलाही काळा दगड अशनी ठरतो.

उल्कापात हा शब्द चुकीचा नाही, पण त्यातही ‘पडणे’ आहे, शिवाय बोलीत त्याचा अर्थ उच्छाद असाही होतो. एका रात्री पुष्कळ उल्का दिसल्या तर उल्कावर्षाव. 13-14 डिसेंबरला मिथुन राशीतून येणारा वर्षाव आपल्याकडच्या निरभ्र थंडीत छान दिसतो. ऑगस्टमधला ययाती तारकासमूहातून येणारा वर्षाव साताऱ्याच्या पावसात बहुधा हुकतो. धूमकेतूचा इथे संबंधच नाही: तो कित्येक दिवस दिसतो, डोळ्यांदेखत सरकत नाही.

शुक्रापेक्षाही तेजस्वी उल्केला बातम्यांत ‘आगीचा गोळा’ म्हणतात. मला ‘लोळ’ अधिक आवडतो. विजेचा लोळ आपण म्हणतोच, आणि लोळ म्हटले की लांबट, धावता जाळ डोळ्यांपुढे येतो. गोळा एका जागी थांबल्यासारखा वाटतो. ‘तारा तुटला’ हेही बिनदिक्कत म्हणावे. सूर्य उगवला म्हणताना आपण कुठे अडखळतो?

लिहिताना दोन गोष्टी जपा. सामान्यरूप उल्के- असे होते: उल्केचा रंग, उल्केने, ‘उल्काचा’ नव्हे. अशनी सुटा लिहिताना दीर्घ, समासात ऱ्हस्व: अशनिपात.

मात्र जाळ वीस-तीस सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ संथपणे, तुकडे होत सरकला तर उल्काही म्हणू नका. 2 एप्रिल 2022 ला महाराष्ट्राच्या आकाशात असेच दिसले होते; ते रॉकेटचे अवशेष होते आणि चंद्रपूर जिल्ह्यात धातूचे मोठे कडे सापडले.

व्हिडिओखाली एवढे लिहा: ‘उल्का दिसली’, तारीख, सेकंदांसह वेळ, उभे राहण्याची जागा, दिशा, किती सेकंद टिकली, रंग. चौकटीत किल्ल्याची कड किंवा मनोऱ्याचा दिवा असेल तर तो कापू नका, दिशा त्यावरूनच काढता येते. मूळ फाइल जपून ठेवा; व्हॉट्सॲपवर पाठवताना ती दाबली जाते आणि अंधारातले बारीक तारे पुसले जातात. उजेड विझल्यावर रेकॉर्डिंग पाच मिनिटे तरी चालू राहू द्या. 40 किलोमीटरवरून उल्केचा धडाका पोचायला दोन मिनिटे लागतात, म्हणून उजेडाबरोबरच ऐकू आलेला आवाज बहुतेक वेळा दुसऱ्याच कशाचा असतो. सांगलीत कोणी तीच उल्का टिपली असेल तर त्यांचा व्हिडिओ मागवा. दोन शहरांत सरळ रेषेत सुमारे 110 किलोमीटर अंतर आहे; दोन्हीकडच्या दिशा आणि कोन जुळवले की उंची आणि मार्ग दोन्ही काढता येतात.