रक्तदानात हिपॅटायटीस बी निघाला. दारू नाही, व्यसन नाही, मग आला कुठून?

तुम्ही लिहिलंय की वय ३६, रक्तदान केलं आणि आठवड्याने रक्तपेढीतून बोलावणं आलं: हिपॅटायटीस बी पॉझिटिव्ह. डोळे पिवळे नाहीत, भूक नीट आहे. आणि आता घरात तुम्ही बायकोकडे अन् बायको तुमच्याकडे संशयाने बघतेय. मी डॉक्टर नाही. तालुक्याच्या गावी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये १९ वर्षं रक्त काढतोय. तुमचा प्रश्न मात्र काउंटरवर, आवाज खाली आणून विचारलेला, पुष्कळदा ऐकलाय.

आधी संशयाचं बघू. मोठ्या माणसाला यकृतावर हल्ला करणारा हा विषाणू नव्याने लागला, तर १०० पैकी ९५ जणांचं शरीर सहा महिन्यांत त्याला हुसकावून लावतं. आईकडून जन्माच्या वेळी लागला, तर १०० पैकी ९० बाळांत तो कायमचा ठाण मांडतो. म्हणून छत्तिशीत काही त्रास नसताना सापडलेला बी हा बहुधा पाळण्यापासूनचा सोबती असतो. लागण ताजी की जुनी, हे डॉक्टर पुढच्या तपासण्यांवरून सांगतील. तोवर बायकोशी भांडू नका.

आपल्या पिढीला लस मिळालीच नाही. सरकारी लसीकरणात ती २००२ च्या सुमारास काही भागांत सुरू झाली आणि देशभर पोचायला २०११ उजाडलं. त्यात आमच्या लहानपणी डॉक्टरकाकांकडे स्टीलच्या डब्यात काचेची सिरिंज उकळत असायची. बाजाराच्या दिवशी ओटीवर गर्दी झाली की उकळी फुटेपर्यंत कोण थांबतंय! सुई टोचली नाही तर पेशंटलाच पैसे वाया गेल्यासारखं वाटायचं. अजूनही वाटतं. २००९ साली गुजरातमध्ये मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्याने बी ची साथ आली आणि कितीतरी माणसं दगावली. म्हणजे हे काही आजोबांच्या काळातलं नाही.

किती जणांना असतो? जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२२ मध्ये भारतात बी असलेले २ कोटी ९८ लाख आणि त्याचाच भाऊबंद हिपॅटायटीस सी असलेले ५५ लाख लोक होते. लग्नात शंभर पानांची पंगत बसली तर त्यात एखाद-दुसरा तुमच्यासारखा निघेल, आणि बहुतेक वेळा त्याला ते ठाऊकही नसेल. शेजारी बसून जेवल्याने, एका ताटात खाल्ल्याने तो लागत नाही, हे आईला नक्की सांगा. ताट-वाटी वेगळी काढणं ही आमच्याकडची पहिली चूक. लागतो रक्तातून आणि शरीरसंबंधातून. सुकलेल्या रक्तातही तो सात दिवस टिकतो, म्हणून दाढीचं ब्लेड, टूथब्रश, नेलकटर ज्याचं त्याच्याकडे. जत्रेत एकाच सुईने दहा जणांना गोंदणारा दिसला तर लांबूनच नमस्कार.

सी चा मार्ग मुख्यतः रक्ताचाच: नशेच्या सामायिक सुया, डायलिसिस, आणि रक्तपेढ्यांत त्याची चाचणी सक्तीची होण्याआधी चढवलेलं रक्त. पण सी आता बहुतेकांचा १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. बी ला तसं औषध अजून नाही. गोळ्यांनी तो दबून राहतो, आणि कित्येकांना गोळ्याही लागत नाहीत, फक्त नियमित तपासणी.

गावात याला 'पांढरी कावीळ' म्हणतात आणि लगेच कोणीतरी माळ घालणाऱ्याचा पत्ता देतं. तिकडे जाऊ नका. दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटीस ए आणि ई ची कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते आणि श्रेय माळेला जातं. (गरोदर बाईला ई झाली तर मात्र जिवावर बेतू शकतं.) बी माळेला दाद देत नाही.

मागे एक शेतकरी हर्नियाच्या ऑपरेशनआधीच्या तपासण्यांसाठी आले होते. चाचणीच्या कार्डावर दुसरी रेघ (ती उमटली म्हणजे पॉझिटिव्ह) इतकी पुसट की मी ते खिडकीपाशी नेऊन पाहिलं, मग पुन्हा तपासलं. पॉझिटिव्ह. त्यांना म्हटलं, घरच्यांनाही आणा. आई आणि थोरला भाऊ दोघंही पॉझिटिव्ह निघाले. बायको निगेटिव्ह, तिला लस सुरू झाली. आई मान खाली घालून बसली होती. तिला कोणी, कधी, कुठल्या सुईने दिला, ते कोण सांगणार?

तुम्हीही हेच करा. आई, भावंडं, बायको, मुलं, सगळ्यांचं रक्त तपासा. बायको निगेटिव्ह आली तर डॉक्टरांना विचारून लस: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. पुढे बाळ होणार असेल आणि तीच पॉझिटिव्ह असेल, तर बाळाला २४ तासांच्या आत लस मिळायला हवी. तुमचं स्वतःचं एसजीपीटी (यकृताला इजा होतेय का), ई-अँटिजेन (बी चा विषाणू जोरात वाढतोय का), विषाणूचं डीएनए (रक्तात तो किती आहे) आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. खर्चाची चिंता असेल तर जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय हिपॅटायटीस कार्यक्रमाची चौकशी करा. २०१८ पासून त्यात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. दारू घेत नाही म्हणताय, ते तसंच चालू द्या.

आणि आईला सकाळी उपाशी आणू नका. या चाचणीला उपास लागत नाही. म्हाताऱ्या माणसांना रांगेत चक्कर येते ती उगाचच.