पहिल्यांदा दुर्घटना कव्हर करताना

अगं, २०२३ च्या इर्शाळवाडीसारखी दरड कव्हर करून आल्यावर झोप उडणं, घरच्यांवर उगाच चिडचिड होणं हे होतंच, त्यात तू कमकुवत वगैरे अजिबात नाहीस. सुरुवातीला एवढं सांभाळ:

- फुटेज परत परत बघू नको. एडिट करताना जमेल तिथे आवाज बंद ठेव, रडण्याचे आवाजच जास्त डोक्यात बसतात.
- नातेवाइकांना 'कसं वाटतंय' नको गं, आधी बोलायचंय का ते विचार, नाही म्हणाले की माईक खाली.
- नवीन पोरं हमखास चुकतात ती इथे, 'मी ठीक आहे' म्हणत लगेच पुढच्या स्पॉटवर पळतात, न्यूज डेस्कला सरळ सांग की दोन दिवस हलकी असाइनमेंट द्या.

महिनाभरानंतरही झोप न लागणं, चिडचिड चालूच असेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन कर, १४४१६, फुकट आहे, मराठीतही बोलतात.